गावच्या वाचनालयाचे पाडकाम: संरक्षित वावेलगतच्या एका लहान सार्वजनिक इमारतीचा प्रकरण अभ्यास

बडोदे जिल्ह्यातील एका गावात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असलेल्या वावेजवळ, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीजवळ, गायकवाडी अमदानीत बांधलेले एक लहान वाचनालय आहे. ते जर्जरित झाले आहे, म्हणून पाडावे आणि त्याच जागी दुमजली सभागृह बांधावे, असा ठराव ग्रामपंचायतीने काही वर्षांपूर्वी केला. या प्रकरणाचे कागद जुन्या वास्तू जपण्याचे काम करणाऱ्या आमच्या बडोद्यातील मंडळाकडे आले तेव्हा ठेकेदाराला काम सोपवण्याची तयारी पूर्ण झाली होती. गावाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही. कोणाला दोषी ठरवण्याचा हेतू नाही. ज्यांनी ठराव केला त्यांची अडचण खरी होती आणि ज्यांनी विरोध केला त्यांचेही म्हणणे खरे होते. माझा मुद्दा निर्णयाच्या क्रमाचा आहे. स्मारकाभोवतीच्या प्रतिबंधित क्षेत्रात एकदा पाडलेली इमारत कायद्याने पुन्हा उभी करता येत नाही. त्यामुळे अशा जागी पाडकामाचा विचार सर्व मार्ग तपासून संपल्यावर करायचा असतो, आणि बहुतेक गावांत तो सर्वांत आधी होतो.

वास्तू

सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत अक्षर ओळखायला शिकलेला मुलगा शेतावर गेला की दोन-चार वर्षांत ते विसरून जातो, ही काळजी त्यामागोमाग आली. वाचायला शिकवले तर वाचायला पुस्तकही दिले पाहिजे, या विचाराने १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून वाचनालयांचे स्वतंत्र खाते उभारले. बडोद्यात मध्यवर्ती वाचनालय झाले आणि लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालये खेडोपाडी जाऊ लागली. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्याने ही चळवळ गावांपर्यंत नेली. तिचा कणा म्हणजे खर्चाची वाटणी होती. गावाने एक हिस्सा गोळा करायचा, तेवढाच स्थानिक पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच सरकारने. वाचनालयाची इमारत बांधतानाही तृतीयांशाचा हाच नियम लागू होत असे. त्यामुळे त्या काळची ग्रामवाचनालये ही सरकारने गावाला दिलेली देणगी नव्हती. त्यांच्यात गावाचा पैसा होता.

प्रस्तुत इमारत त्याच नियमाने उभी राहिली, हे तिच्या दाराशेजारच्या संगमरवरी पाटीवरून कळते. पाटी गुजराती लिपीत आहे. वरच्या ओळीत तिन्ही हिश्श्यांचा उल्लेख आहे आणि खाली वर्गणीदारांची नावे आहेत. शेवटच्या काही ओळी चुन्याच्या पोताऱ्यांखाली बुजल्या होत्या. ओल्या फडक्याने त्या पुसल्यावर कुंभार, सुतार आणि एका विधवा बाईचे नाव वाचता आले. ही पाटी पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडली, म्हणून तिची नोंद इथे केली आहे.

इमारत एका खोलीची आहे. विटांच्या जाड भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत, छप्पर सागाच्या तुळयांवर कौलांचे आहे आणि पुढे माणसे टेकतील एवढा ओटा आहे. बाहेरून माप सुमारे ७ मीटर लांब व ५ मीटर रुंद, आणि सरासरी उंची ४ मीटर. मागच्या बाजूस नंतर केव्हातरी काँक्रीटच्या स्लॅबची एक अरुंद खोली जोडली गेली. वास्तुकलेच्या पुस्तकात जिला जागा मिळावी अशी ही इमारत नाही, आणि तसा दावा आम्ही कुठेही केला नाही. तिचे मोल तिच्या जागेत आहे. वाव, तिच्या काठचे वडाचे झाड, गुरांना पाणी पिण्यासाठीचा हवाडा (हौद) आणि हे वाचनालय मिळून गावाचा तो कोपरा बनतो. वावेच्या पायऱ्या चढून वर आले की पहिली नजर त्या ओट्यावर पडते. तिथे दुमजली काँक्रीटची भिंत आली तर वाव जशीच्या तशी राहूनही तिचे गाव तिच्यापासून तुटते.

ठराव आणि त्यामागची अडचण

पाडण्याची कारणे ठरावात तीन दिली होती: इमारत धोकादायक आहे, तिचा वापर होत नाही, आणि गावाला सभेसाठी व अंगणवाडीसाठी जागा हवी आहे. तिसऱ्या कारणाबद्दल कोणाचाच वाद नव्हता. ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरत असे आणि पावसाळ्यात ती पुढे ढकलावी लागे. पंचायतीकडे निधी होता, पण तो नव्या बांधकामाच्या शीर्षाखालचा. दुरुस्तीवर तो खर्च करता येत नव्हता, आणि मुदतीत वापरला नाही तर परत जाणार होता. खेड्यातील कितीतरी जुन्या इमारती अशाच पडतात, हे इथे आवर्जून सांगायला हवे. पाडणाऱ्याला त्या नकोशा असतात असे नाही. पैसा ज्या खात्यात येतो ते खाते फक्त नवे बांधू देते.

सरपंचबेन पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलल्या. “भाऊ, तुम्ही शहरातून येऊन जुनं जपा म्हणता. पण उद्या भिंत कोसळून मूल दगावलं, तर उत्तर मला द्यायचं आहे.” या वाक्याला पुरातत्त्वाचे उत्तर नाही, बांधकामाचेच उत्तर द्यावे लागते, आणि तसे ते पुढे दिले गेले.

वापर होत नाही, या कारणाची बाजू वेगळी होती. वाचनालयाची किल्ली ज्यांच्याकडे असे ते निवृत्त शिक्षक मराठी. त्यांच्या घराण्यातले कोणी गायकवाडांच्या महसूल खात्यात नोकरीला म्हणून या गावात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती, असा त्यांचा जन्म गेला. ते म्हणाले, “अहो, इथं वाचायला कोणी येत नाही, हे खरं आहे. पण छत गळायला लागल्यावर येणं थांबलं, त्याआधी नाही. गळतीचा अर्ज मीच दिला होता, तो पाहा.” गुरुजींनी अर्जांच्या पोचपावत्या जपून ठेवल्या होत्या. वापर थांबला म्हणून इमारत निकामी झाली, असा ठरावाचा सूर होता. पोचपावत्या उलट क्रम सांगत होत्या.

अंतराचा प्रश्न

ठरावाला जोडलेल्या टिपणात इमारत वावेपासून १०० मीटरच्या बाहेर असल्याचे लिहिले होते. मोजणी खोटी नव्हती. टेप वावेच्या पहिल्या पायरीपासून धरला होता. परंतु प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये जी कलमे घातली गेली, त्यांनुसार हे अंतर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून सर्व दिशांना मोजायचे असते. अधिसूचनेसोबतच्या नकाशात वावेभोवतीची मोकळी जमीन संरक्षित क्षेत्रात धरलेली होती, आणि त्या हद्दीपासून मोजल्यावर वाचनालय १०० मीटरच्या चांगलेच आत आले. वावेच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची असते, कारण तिचा मोठा भाग जमिनीखाली असतो आणि वरून दिसणारे तोंड तिच्या विस्ताराचा अंदाज देत नाही.

या १०० मीटरच्या पट्ट्याला कायदा प्रतिबंधित क्षेत्र म्हणतो आणि त्यापुढच्या २०० मीटरला विनियमित क्षेत्र. विनियमित क्षेत्रात परवानगी घेऊन नवे बांधता येते आणि जुने पाडून तेवढ्याच मापाचे पुन्हा उभारताही येते. प्रतिबंधित क्षेत्रात नव्या बांधकामाला परवानगी देण्याचा मार्गच २०१० पासून बंद झाला आहे, आणि सार्वजनिक कामालाही त्यातून सूट नाही. तिथे शिल्लक राहते ती फक्त दुरुस्ती व नूतनीकरण, आणि तेही १६ जून १९९२ पूर्वी अस्तित्वात असलेल्या किंवा नंतर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेल्या इमारतीचे. जुनी इमारत जमीनदोस्त करून तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीची नवी उभारणे याला कायद्याने पुनर्बांधणी म्हटले आहे, आणि दुरुस्तीच्या व्याख्येतून ती स्पष्टपणे वगळली आहे. नियम मोडला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

याचा अर्थ पंचायतीच्या योजनेच्या दृष्टीने असा होता: वाचनालय पाडले असते तर त्या जागी दुमजली सभागृह झाले नसते, एकमजली झाले नसते, आणि पाडलेले वाचनालयही परत बांधता आले नसते. गावाच्या मालकीची एक जागा कायमची रिकामी झाली असती. बांधकामाच्या व्याख्येतून सार्वजनिक शौचालये, सांडपाण्याची गटारे आणि पाणीपुरवठ्याची कामे वगळलेली असल्यामुळे तिथे कदाचित शौचालय उभे राहू शकले असते, इतकेच. ग्रामसभेत हा मुद्दा मांडला तेव्हा काही वेळ कोणीच बोलले नाही. सभागृहासाठी हात वर केलेल्यांपैकी कोणालाही हे आधी सांगितलेले नव्हते.

कायद्याच्या या रचनेतली एक उणीव या प्रकरणाने उघड केली, असे माझे मत झाले आहे. ही कलमे उभारण्यावर लक्ष ठेवतात. ज्या इमारतीला स्वतःचे संरक्षण नाही तिच्या पाडकामासाठी वेगळा परवाना मागत नाहीत. परवानगीचा प्रश्न येतो तो पुन्हा बांधताना, म्हणजे इमारत गेल्यावर. इंग्लंडमध्ये हा क्रम उलटा लावलेला आहे. तिथे १९६७ पासून संपूर्ण परिसर संवर्धनक्षेत्र म्हणून घोषित करता येतो, मग तो शहरातला असो वा खेड्यातला, आणि अशा क्षेत्रातली साधी, यादीत नसलेली इमारत पाडायलाही आधी नियोजन परवानगी लागते. पूर्वी त्यासाठी वेगळी संमती असे; १ ऑक्टोबर २०१३ पासून ती नियोजन परवानगीत मिळवून टाकली आहे. परवानगीविना पाडणे हा फौजदारी गुन्हा आहे. फार लहान इमारतींना सूट आहे, आणि ‘लहान’ म्हणजे किती तेही ठरलेले आहे: ११५ घनमीटरपेक्षा कमी. आपल्या वाचनालयाचे घनफळ वरच्या मापांप्रमाणे सुमारे १४० घनमीटर भरते. म्हणजे ही एवढीशी खोली तिथल्या एखाद्या खेड्यात असती, तर तिच्या पाडकामाची कारणे कागदावर मांडून, लोकांच्या हरकती ऐकून, मगच तिला हात लागला असता. आपल्याकडे जेसीबी आणायला पंचायतीचा ठराव पुरेसा ठरला असता.

इमारतीची तपासणी

धोकादायक असल्याचा शेरा एका पाहणीवर आधारलेला होता, आणि त्यात तड्याचे छायाचित्र होते. तड्याचे कारण नव्हते. बडोद्यातील एका अनुभवी स्थापत्य अभियंत्याने, ज्यांनी चुन्याच्या बांधकामावर बरीच वर्षे काम केले आहे, इमारत आतून-बाहेरून, छपरावर चढून आणि पायाशी खणून पाहिली. त्यांच्या निष्कर्षांतला मुख्य भाग विस्ताराने देतो, कारण खेड्यांतील अशा बहुतेक इमारतींना हाच रोग झालेला असतो.

दक्षिणेच्या भिंतीला खालून सुमारे गुडघ्यापर्यंत लोणा लागला होता. बोट फिरवले की विटेचा भुगा पांढऱ्या क्षारासह हातात येई. याचे कारण भिंतीत नव्हते, रस्त्यात होते. इमारतीसमोरच्या रस्त्यावर दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता नवा थर चढवला गेला, आणि मूळचे उंच जोते हळूहळू रस्त्याच्या पातळीला आले. पावसाचे पाणी पूर्वी ओट्यापासून दूर वाहत असे, ते आता ओट्याकडे येऊ लागले. त्यातच पूर्वी कधीतरी ओल झाकण्यासाठी भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्यातली भिंत ओल शोषते आणि उन्हात सोडून देते. सिमेंटने तिचा बाहेरचा मार्ग अडवला, तेव्हा ओल आतून वर चढली. दुरुस्ती म्हणून केलेल्या कामानेच भिंत पोखरली, हे गिलाव्याचा एक तुकडा काढल्यावर सर्वांना दिसले. त्याच्या मागच्या विटा काळ्या आणि दमट होत्या. शेजारच्या, गिलावा न केलेल्या भागातल्या विटा कोरड्या होत्या.

छपरात पश्चिमेकडच्या दोन तुळयांची टोके भिंतीत शिरतात तिथे कुजली होती. त्याच्या नेमके वर पन्हाळ फुटलेली होती. तुळयांचा उरलेला साग ठणठणीत होता. अभियंत्यांनी टोच्याने ठिकठिकाणी टोचून पाहिले आणि टोच्या शिरला नाही. भिंतीचा तडा, ज्याच्या छायाचित्रावर पहिला शेरा आधारलेला होता, तो मूळ खोली आणि मागची काँक्रीटची खोली यांच्या सांध्यावर होता. दोन्हींचे पाये कमी-अधिक खोल होते, त्यामुळे मागची खोली खचताना जुन्या भिंतीला ओढत होती. तड्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवून एक पावसाळा नजर ठेवली. सांध्यावरची पट्टी फुटली, इतरत्र लावलेल्या पट्ट्या शाबूत राहिल्या.

म्हणजे पाडण्याजोगा भाग इमारतीत होता, पण तो मागचा होता. सरपंचबेनच्या प्रश्नाचे उत्तर हे होते, आणि ते त्यांना बांधकामाच्या भाषेत, जागेवर उभे राहून देता आले.

निर्णय

दुसऱ्या ग्रामसभेत आधीचा ठराव स्थगित झाला. सभागृह आणि अंगणवाडी गावठाणाच्या दुसऱ्या टोकाला, वावेच्या संरक्षित हद्दीपासून ३०० मीटरच्या बाहेर असलेल्या पंचायतीच्या जमिनीवर बांधायचे ठरले, आणि मुदतीचा निधी तिकडे वळवता आला. ही जागा पहिल्या चर्चेत नाकारली गेली होती, कारण ती बसथांब्यापासून दूर आहे. ती गैरसोय आजही आहे आणि गावातले काही लोक ती बोलून दाखवतात. आमच्या शिफारशीची ही किंमत आहे आणि ती गावाने मोजली, आम्ही नाही, याची जाणीव ठेवणे मला आवश्यक वाटते.

वाचनालयाच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करताना इमारत १९९२ पूर्वीची असल्याचा पुरावा हवा होता. संगमरवरी पाटीचे छायाचित्र, पंचायतीच्या जुन्या आकारणी पत्रकातील नोंद आणि गुरुजींनी जपलेली अनुदानाची वही, यांवर ते काम झाले. मागच्या काँक्रीटच्या खोलीसाठी असा पुरावा शोधण्याची गरजच पडली नाही, कारण ती काढायची होती. अर्जासोबत कोणती वीट काढली जाईल, कोणती राहील, कोणत्या तुळईला कुठे जोड दिला जाईल, याचे रेखाटन जोडले. दुरुस्तीच्या नावाखाली भिंती एकेक करून उतरवायच्या आणि शेवटी सगळी इमारत नवी करायची, ही पद्धत अनेक ठिकाणी दिसते. या रेखाटनामुळे तिला वाव राहिला नाही, आणि काम चालू असताना ठेकेदाराला रोखायलाही ते उपयोगी पडले.

परवानगीला अपेक्षेपेक्षा जास्त काळ लागला. त्या काळात छपरावर ताडपत्री बांधून ठेवली.

मागची खोली यंत्राविना, हातोडा आणि पहारीने पाडली. जमिनीखाली दगडी दालने असलेल्या वावेजवळ जेसीबीची थरथर नको, ही सूचना स्मारकाच्या देखभालीवरील कर्मचाऱ्यानेच केली होती. मलबा लगेच उचलला, कारण पहिल्या पावसात तो वाहून वावेत गेला असता. सिमेंटचा गिलावा काढून दक्षिणेची भिंत एक उन्हाळा उघडी वाळू दिली. झिजलेल्या विटांच्या जागी गावातच पाडलेल्या एका जुन्या घराच्या विटा, मुरवलेल्या चुन्यात बसवल्या. कुजलेली टोके कापून तुळयांना नव्या सागाचे जोड दिले. रस्त्याचे चढलेले थर ओट्यासमोरच्या पट्ट्यात खरवडून उतार बाहेरच्या बाजूला वळवला आणि त्याला उघडे गटार जोडले. एकंदर खर्च नव्या सभागृहाच्या मूळ अंदाजपत्रकाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आला. त्यातला काही भाग गावाने वर्गणी काढून भरला. वर्गणीची कल्पना पाटी वाचून दाखवल्यावर सभेतूनच आली.

ज्या गोष्टी जमल्या नाहीत त्याही नोंदवायला हव्यात. छपरावरची मूळची कौले पुरेशी मिळाली नाहीत, त्यामुळे मागच्या उतारावर नवी कौले आहेत आणि ती वेगळी दिसतात. भिजलेल्या पुस्तकांपैकी बरीचशी गेली. त्यांत गायकवाडी काळातल्या अंमलदारांनी ठेवून दिलेल्या मराठी पुस्तकांचे एक कपाट होते. वाळवीने त्याचा तळ खाल्ला होता. वाचलेली पुस्तके गुरुजींनी उन्हात घालून, पाने सुटी करून पुन्हा लावली आहेत. वाचनालय संध्याकाळी उघडते. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले तिथे येतात. एवढ्यावरून वापराबद्दल काही ठोस म्हणणे मी घाईचे समजतो.

पन्हाळ साफ करणे आणि सरकलेली कौले बसवणे हे काम पंचायतीने दर वर्षी पावसाळ्यापूर्वीच्या खर्चात घेतले आहे. प्रतिबंधित क्षेत्रात याच गावच्या आणखी दोन सार्वजनिक वास्तू येतात, हवाडा आणि जुना चोरा, म्हणजे गावाची चावडी. चोऱ्याच्या छपराची अवस्था बरी नाही. त्याच्या मापांचे, छायाचित्रांचे आणि १९९२ पूर्वीच्या कागदांचे काम आताच सुरू केले आहे, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज पुढच्या ग्रामसभेच्या आधी तयार असेल.